पंधराशे व्होल्टची मुंबई

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत चार डब्यांची एक गाडी धावली. भारतातील ती पहिली विजेवरील रेल्वेगाडी. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले. गाडीच्या डोक्यावरील तारेत १५०० व्होल्टची दिष्ट, म्हणजेच डीसी, वीज खेळत होती. हा आकडा मुंबईने पुढे ९१ वर्षे सांभाळला. तो अखेरीस का सोडावा लागला, याचे उत्तर शालेय पुस्तकातल्या दोन सूत्रांत आहे.

पहिले सूत्र जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो. दुसरे शक्तीचे: विभवांतर गुणिले धारा. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती मात्र धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे मँचेस्टरच्या जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. या कहाणीतील सारा पेच त्या ‘वर्गा’त आहे.

हे गणित १९२५ च्या अभियंत्यांना ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज येत होती, ती सुमारे एक लाख व्होल्टने. लांबचा पल्ला गाठायचा तर व्होल्ट वाढवा आणि धारा घटवा, हा धडा तेव्हाच गिरवला गेला होता. तरीही गाडीसाठी तीच वीज उतरवून १५०० व्होल्टची दिष्ट करावी लागे. कारण गाडी ओढायला दिष्ट धारेवरील मोटर सर्वांत भरवशाची होती आणि प्रत्यावर्ती विजेचे दिष्टीकरण गाडीतच करील असे आटोपशीर साधन नव्हते. म्हणून ते काम उपकेंद्रातील अवजड यंत्रांवर सोपवले गेले. त्या काळाच्या मानाने निवड शहाणपणाची होती.

या मोटरीचा एक स्वभाव विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा असा आहे. उभ्या गाडीच्या मोटरीत तारेच्या गुंडाळीचा रोध तेवढा असतो. उदाहरणादाखल, ओळीने जोडलेल्या मोटरींचा एकूण रोध ०.५ ओहम धरला, तर १५०० भागिले ०.५, म्हणजे ३००० अँपिअर धारा उसळेल आणि गुंडाळ्या जळतील. धारा ३०० अँपिअरवर रोखायची तर एकूण रोध ५ ओहम हवा. म्हणजे बाहेरून ४.५ ओहमची भर घालावी लागते. जुन्या लोकलच्या डब्याखाली यासाठीच रोधकांच्या पेट्या असत. सुटण्याच्या पहिल्या क्षणी ४५० किलोवॅटपैकी ४०५ किलोवॅट त्या पेट्या तापवण्यातच खर्च होत. गाडीने वेग घेतला की मोटर स्वतःच उलट विभवांतर निर्माण करते, धारा आपोआप आवरते आणि रोधक टप्प्याटप्प्याने वगळले जातात. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलला हा सोपस्कार प्रत्येक स्थानकावर करावा लागे.

पण खरी अडचण तारेत होती. एखाद्या लोकलला ३००० किलोवॅट हवेत असे मानू. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० अँपिअर लागतील. उपकेंद्रापासून गाडीपर्यंतचा रोध अवघा ०.०५ ओहम असला, तरी वाटेत १०० व्होल्ट गळतात आणि २०० किलोवॅट उष्णता होऊन जातात. तीच शक्ती २५,००० व्होल्टने पुरवली तर धारा १२० अँपिअर; गळती ६ व्होल्ट, नुकसान ७२० वॅट. धारा सुमारे सतरापट घटली आणि नुकसान पावणेतीनशेपटींहून अधिक. म्हणूनच डीसी मार्गावर दर काही किलोमीटरला उपकेंद्र लागे. गर्दीच्या वेळी एकामागून एक गाड्या त्याच तारेतून धारा ओढू लागल्या की व्होल्ट खाली बसत. डबे वाढवा, फेऱ्या वाढवा ही प्रवाशांची मागणी जूलच्या वर्गावर येऊन अडे.

तोवर जग पुढे सरकले होते. फ्रान्समधील यशस्वी प्रयोगांनंतर भारतीय रेल्वेने १९५७ मध्ये २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, पद्धत स्वीकारली. मुंबईचे जाळे मात्र जुन्याच आकड्यावर राहिले. मुंबई-हावडा मार्ग भिलाईवरून जातो. तिथल्या हुडको वसाहतीतून मुंबईला निघालेला प्रवासी दुर्गला गाडीत बसला, की त्याला इगतपुरीच्या थांब्यावर हे दोन कालखंड भेटत. तेथे एसी इंजिन सुटे आणि कसारा घाटाच्या, ३७ ला १ अशा, उतारासाठी डीसी इंजिन जोडले जाई. दोन्ही विजांवर चालणारी इंजिने पुढे आली, पण तो आजारावरचा तात्पुरता उतारा होता.

बदल सोपा नव्हता. व्होल्ट वाढले की तार आणि भोवतालची बांधकामे यांत अधिक अंतर राखावे लागते, आणि दक्षिण मुंबईतील ब्रिटिशकालीन पूल तर रुळांवर जेमतेम टेकलेले. काही ठिकाणी रूळच खाली घ्यावे लागले. शिवाय रोज लक्षावधी माणसे वाहणारी सेवा बंद ठेवण्याची सोय नव्हती. कामे रात्रीच्या मोजक्या तासांत झाली. बदलाच्या काळात दोन्ही विजांवर धावणाऱ्या लोकल आणाव्या लागल्या. पश्चिम रेल्वेवरील रूपांतर २०१२ मध्ये संपले. सर्वांत शेवटी राहिला तो हार्बर मार्ग, जिथे आरंभ झाला होता. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सुटलेली अखेरची डीसी लोकल छत्रपती शिवाजी टर्मिनसला पोहोचली आणि १५०० व्होल्टचा पुरवठा खंडित झाला. फलाट लांबवून झाले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस हार्बरवर बारा डब्यांची लोकल धावू लागली.