बंगळुरूची कुमुदे

बंगळुरूला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या पठारावर पावसाचे पाणी अडवूनच वस्ती टिकली. १५३७ मध्ये पहिल्या केंपेगौडाने शहर वसवले आणि त्याच्या घराण्याच्या काळात धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी अशी तळी उभी राहिली. आदिलशाहीने १६३८ मध्ये शहाजीराजांना जहागीर दिली ती याच तळ्यांच्या शहराची. वरच्या तळ्याचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात उतरे. उथळ, गाळाचे काठ भरपूर होते आणि कुमुदाला नेमके तेच लागते.

कुमुद आणि कमळ यांची गल्लत मराठीत सर्रास होते. कमळाचे पान पाण्यावर उचलून धरलेले असते. कुमुदाचे पान पाण्यावरच पसरते आणि देठापर्यंत चिरलेले असते. कन्नडमध्ये कमळ म्हणजे तावरे, कुमुद म्हणजे नैदिले. या भागातल्या देशी कुमुदांपैकी दोन विशेष परिचित आहेत. निळसर किंवा पांढऱ्या फुलांचे निम्फिया नौचाली दिवसा फुलते. संस्कृत कवींनी नीलोत्पल म्हणून गौरवलेले फूल बहुधा हेच. पानांच्या खालच्या बाजूला लव असलेले निम्फिया प्युबेसेन्स रात्री उमलते आणि सकाळ चढल्यावर मिटते. चंद्रोदयाला फुलणारे कुमुद ही केवळ कविकल्पना नव्हती.

तळ्यात कुमुद लावावे लागत नसे. उन्हाळ्यात पाणी आटे, शेतकरी तळातला सुपीक गाळ शेतात नेत, आणि चिखलात उरलेले कंद पहिल्या पावसानंतर पुन्हा पाने धरत. फळ पाण्याखालीच पिके. त्यातले बी थोडा वेळ तरंगून मग तळाशी बसे. सांडव्याच्या पाण्याबरोबर ते पुढच्या तळ्यात जाणेही सहज शक्य होते.

बागेतल्या जलवनस्पतींची हौस वेगळ्या वाटेने आली. हैदरअलीने १७६० मध्ये लालबागेची सुरुवात केली, टिपूने ती वाढवली, आणि १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पतीउद्यान झाली. लालबागेच्या काचघराची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. त्याचा आदर्श लंडनचा क्रिस्टल पॅलेस, आणि त्या इमारतीच्या रचनेमागे एका कुमुदकुळातल्याच पानाची प्रेरणा होती. क्रिस्टल पॅलेसचा रचनाकार जोसेफ पॅक्स्टन याने १८४९ मध्ये इंग्लंडात दक्षिण अमेरिकेतले महाकाय व्हिक्टोरिया कुमुद फुलवले. त्याच्या पानाखालच्या शिरांची जाळी एवढी भक्कम, की पॅक्स्टनने आपल्या लहान मुलीला पानावर उभे केले होते. बंगळुरूच्या लोखंड-काचेच्या त्या घरात पाण्यातल्या पानाची शिकवण अशी दूरवरून येऊन पोचली. त्याच १८८९ मध्ये फ्रान्सच्या लातूर-मार्लियाक या कुमुदसंवर्धकाने पॅरिसच्या प्रदर्शनात रंगीत संकरित कुमुदे मांडली. पुढे संकरित जाती जगभरच्या रोपवाटिकांत पसरल्या.

शहरातल्या तळ्यांचे दिवस मात्र फिरले. १८९०च्या दशकात हेसरघट्टा जलाशयाचे पाणी नळाने येऊ लागले आणि तळ्यांची गरज कमी वाटू लागली. धर्मांबुधीच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक आले. संपंगीच्या जागी कंठीरव स्टेडियम झाले; करगा उत्सवासाठी तेवढे एक लहानसे कुंड उरले. उरलेल्या तळ्यांत सांडपाणी शिरले, आणि त्यावर पोसलेल्या जलपर्णीने उजेड अडवला. उन्हाशिवाय कुमुद फुलत नाही. ही हानी डोळ्यांदेखत झाली, आणि तिची नोंद इमारतींच्या इतिहासात क्वचितच सापडते.

बागेतल्या हौदात किंवा गच्चीवरच्या टाकीत देशी कुमुद लावताना जुन्या तळ्याचीच स्थिती पुन्हा तयार करावी लागते. कंद शेणखत कमी असलेल्या चिकणमातीत रुंद कुंडीत लावतात. हलकी, कुजकट माती तरंगते आणि पाणी गढूळ करते. नव्या कंदावर आधी वीतभरच पाणी ठेवून पाने वाढतील तसे ते वाढवतात. दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवे, कारंज्याचा मारा नको. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडतात, मात्र ते बंदिस्त हौदातच ठेवावेत. उन्हाळ्यात पाने गळून कंद विसावला, तर तो मेला समजून टाकायचा नसतो; ओल्या चिखलात तो पावसापर्यंत टिकतो.