काचपात्र : वस्तू आणि तिची मराठी नावे

मराठी घरात पाणी पिण्याच्या पोलादी भांड्यास आज सर्रास ‘ग्लास’ म्हणतात. ‘स्टीलचा ग्लास’ या शब्दप्रयोगातील विसंगती बोलणाऱ्यास जाणवत नाही व ऐकणाऱ्यासही खटकत नाही. द्रव्याचे नाव आकारास मिळावे आणि पुढे द्रव्य बदलले तरी नाव टिकावे, हा प्रकार मराठीस नवा नव्हे. ‘तांब्या’ हा शब्द याच वाटेने गेला असून ‘पितळेचा तांब्या’ म्हणण्यास कोणी कचरत नाही. परंतु या दोन शब्दांत एक महत्त्वाचा भेद आहे. तांब्याची भांडी मराठी माणसाच्या घरात शतकानुशतके होती. म्हणून ‘तांब्या’ या शब्दामागे वापराचा दीर्घ इतिहास उभा आहे. काचेचा पेला मात्र बहुसंख्य घरांत नुकताच कोठे येऊ लागला होता, तोच त्याचे नाव धातूच्या भांड्याने बळकावले. वस्तू स्थिरावण्यापूर्वीच तिचे नाव दुसऱ्या वस्तूच्या कामी आले. हे असे का घडले, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ज्या देशास काच किमान अडीच हजार वर्षे ठाऊक आहे, त्या देशात फुंकलेल्या काचेचे भोजनपात्र पंक्तीत का बसले नाही, असा त्याचा खरा रोख आहे.

फुंकणीचा शोध इ. स. पू. पहिल्या शतकात पूर्व भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यालगतच्या प्रदेशात लागला. जेरुसलेमच्या उत्खननात मिळालेल्या त्या काळच्या काच-कचऱ्यात काचेच्याच नळ्या तापवून, टोक बंद करून फुंकल्याचे अवशेष आहेत. लोखंडी फुंकनळी त्यानंतरची. त्यापूर्वी काचेचे पात्र करावयाचे म्हणजे माती-शेणाच्या गाभ्याभोवती काचेचे वेढे द्यावे लागत, किंवा साच्यावर काच वाकवावी लागे. एका पात्रास लागणारा वेळ मोठा, म्हणून किंमतही मोठी. फुंकणीने हे सर्व पालटले. स्ट्रेबो हा भूगोलकार रोममध्ये काचेचे पानपात्र एका तांब्याच्या नाण्यास मिळते असे नमूद करतो. राजाच्या दालनातील वस्तू अवघ्या दोन-तीन पिढ्यांत खानावळीत पोहोचली.

या क्रियेचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील युक्तिवाद त्यावर अवलंबून आहे. वाळू, क्षार आणि चुना यांचा रस भट्टीतील कुंडीत मधासारखा दाट झाला म्हणजे कारागीर पोकळ नळीचे टोक त्यात बुडवून व फिरवून एक गोळा उचलतो. तो गोळा लोखंडी पाट्यावर लोळवून सारखा करावयाचा व मग नळीत एक हलकी फुंकर घालावयाची. यानंतर नळी क्षणभरही स्थिर ठेवता येत नाही. ठेवली की काच स्वतःच्या भाराने एका बाजूस ओघळते. फुंकणे, फिरवणे, पुन्हा आचेत धरणे आणि चिमट्याने कंबर आवळणे ही कामे आलटून पालटून चालतात. तळ तयार झाला की तेथे दुसरी भरीव सळई चिकटवून नळी तोडतात आणि मोकळे झालेले तोंड तापवून काठ गोल करतात. जुन्या हातपेल्याच्या बुडाशी बोटास लागणारा खरबरीत व्रण हा त्या सळईचा. अखेरीस पात्र सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या वेगळ्या भट्टीत ठेवून हळूहळू निववावे लागते. ही शेवटची पायरी बाहेरच्या माणसास गौण वाटते, पण येथे घाई झाली तर पात्र दिसावयास निर्दोष असूनही दुसऱ्या दिवशी, कोणी हात न लावता, तडकते.

आता भारताकडे वळावे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात सिंधूच्या मुखाशी असलेल्या बार्बरिकॉन बंदरात काचेची पात्रे आणि भडोच व मुझिरिस या बंदरांत कच्ची काच उतरत असल्याची नोंद आहे. अफगाणिस्तानातील बेग्राम येथे १९३७ व १९३९ साली सापडलेल्या साठ्यात रंगचित्रांनी सजवलेले पेले आणि माशांच्या आकाराची फुंकलेली पात्रे आहेत. परंतु दख्खनच्या उत्खननांतून जी देशी काच विपुल मिळते, ती मण्यांची व बांगड्यांची. मो. गं. दीक्षित यांनी भारतीय काचेच्या इतिहासावरील १९६९ साली मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा पुरावा एकत्र केला, आणि त्यातही मणी व बांगड्या यांचेच पारडे जड आहे. भडोचास उतरलेली कच्ची काच बहुधा मण्यांच्याच कामी आली असावी.

वाङ्मयीन पुरावा मात्र थोडे निराळे बोलतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६ व्या अध्यायात कोणता पदार्थ कोणत्या पात्रात वाढावा याचा क्रम दिला आहे. तूप लोखंडाच्या पात्रात, पेया रुपेरी पात्रात, फळे पानांवर असे सांगत तो क्रम काच व स्फटिक यांच्या पात्रांपाशी येतो. येथे अन्वयाचा एक पेच आहे. काचपात्रांचा उल्लेख असलेला अर्धश्लोक मागे जोडला तर पाणी, पानक व मद्य मातीच्या तसेच काचेच्या पात्रांत द्यावे असा अर्थ होतो. पुढे जोडला तर राग, षाडव व सट्टक हे आंबटगोड पदार्थ काच, स्फटिक आणि वैडूर्याने चित्रित पात्रांत द्यावेत असा होतो. दुसरा अन्वय अधिक सरळ आहे, कारण पहिल्या अन्वयात ‘देववावे’ हे क्रियापद मृण्मय पात्रांपाशीच पुरे होते. तो स्वीकारला तर काच येथे मातीच्या पंक्तीत नसून रत्नांच्या पंक्तीत बसते. आणि रत्नांच्या पंक्तीत बसलेली वस्तू रोजच्या पानात येत नाही.

अमरकोशाची साक्ष याच्या उलट आहे. तेथे ‘काच’ आणि ‘क्षार’ हे शब्द समानार्थी म्हणून शेजारी ठेवले आहेत. कोशकारासमोर वस्तू नसून तिचे घटकद्रव्य आहे. भट्टीजवळच्या माणसाची ही दृष्टी. एकाच भाषेत काच कधी रत्नाची धाकटी बहीण, तर कधी खारी माती. या दोन टोकांमध्ये ‘भांडे’ हे तिचे मधले स्थान रिकामेच राहिले.

‘बिलोरी’ या शब्दाचा प्रवास या संदर्भात उद्बोधक आहे. संस्कृत ‘वैडूर्य’, पाली ‘वेळुरिय’ हा शब्द दक्षिणेतील रत्नव्यापाराबरोबर पश्चिमेस गेला व ग्रीकमध्ये ‘बेरुल्लोस’ झाला. तेथून तो अरबीत ‘बल्लूर’ आणि फारसीत ‘बिलौर’ या रूपांनी स्फटिकाचा वाचक बनला, आणि फारसीमार्गे मराठीत ‘बिलोर’, ‘बिलोरी’ म्हणून परतला. जर्मन भाषेत चष्म्यास ‘ब्रिले’ म्हणतात तोही याच कुळातला. जो शब्द रत्न म्हणून गेला, तो परत येताना काचेचा झाला होता. पण मराठीने त्यास कोठे स्थान दिले? ‘बिलोरी ऐना’, ‘बिलोरी चुडा’. ताटावाटीशी त्याचे नाते जुळलेच नाही.

फारसीने मराठीस दिलेले इतर शब्दही असेच आहेत. ‘शिसा’, ‘सुरई’, ‘गुलाबदाणी’, ‘अत्तरदाणी’ हे सर्व ओतण्याचे, शिंपडण्याचे वा साठवण्याचे शब्द. (‘शिसा’ हा फारसी ‘शीशा’पासूनचा, ‘शिसे’ या धातूशी त्याचा संबंध नाही. जॉर्ज रॅव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ साली इंग्लंडात एकाधिकार मिळवून जी जड, चकाकणारी काच केली, तीत पुढे शिसे मिसळले जाऊ लागले. या योगायोगावरून व्युत्पत्ती रचण्याचा मोह टाळावा.) पिण्याचा शब्द एकच, ‘पेला’, आणि तो मराठीत आल्याबरोबर धातूचा झाला. गोव्यात पोर्तुगीज ‘कोपु’पासून कोंकणीत ‘कोप’ आला व तो काचेचाच राहिला, कारण तेथे वस्तू आणि पिण्याची रीत दोन्ही बरोबर आली.

काचपात्र न रुजण्याची तीन कारणे सामान्यतः सांगितली जातात. पहिले असे की भारतीयांस फुंकणी येत नव्हती. हे प्राचीन काळापुरते बव्हंशी खरे असेल, पण मोगलकाळापासून पुढे टिकत नाही. त्या काळच्या चौकोनी बाटल्या, हुक्क्यांची बुडे व गुलाबदाण्या फुंकलेल्या आहेत. गुजरातेत कपडवंज येथे कारागीर काचेचे पातळ फुगे फुंकत, आतून कलई देत आणि ते फोडून घागऱ्यावर टाकावयाचे आरसे कापून काढीत. पातळ फुगा फुंकणे ही पेल्याची निम्मी वाट होय. ज्याला ती येते त्याने फुगा फोडून आरसे करावेत व पेला करू नये, यावरून उणीव हाताची नव्हती, मागणीची होती, एवढे तरी निश्चित होते.

दुसरे कारण सोवळ्याचे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे नियम आहेत. त्यांत धातू, मणी, दगड, शंख, माती यांचा विचार आहे, पण काचेस स्वतंत्र स्थान नाही. वर्गवारीत न बसणारी वस्तू स्वयंपाकघराबाहेर राहिली असे म्हणता येते. तथापि या कारणास फार वजन देणे योग्य नाही. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहाने जे वादळ उठले, ते चहा कोणी दिला यावरून. पेला कशाचा होता यावरून नव्हे. शिवाय सोवळे न पाळणारा समाजही काचपात्र वापरीत नव्हता.

तिसरे कारण आर्थिक असून तेच सर्वांत बळकट आहे. तांब्यापितळेचे भांडे ही घरातली ठेव होती. ते गहाण पडे, लग्नात दिले जाई, चेपले तर ठोकून घेता येई, आणि अगदी निकामी झाले तरी मोडीच्या भावाने त्याचे पैसे येत. फुटलेल्या काचेस मोड नाही. गरीब कुटुंबाने अशा वस्तूवर पैसा का घालावा? याला भाषेची एक साक्ष जोडता येते. मराठीत बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. काच फुटण्याचे भय आणि अशुभ भाषेने ओळखले होते, पण ते शरीरावरच्या काचेपुरते. फुटलेल्या पेल्यासाठी असा मंगल पर्याय घडला नाही. घडण्याइतके पेले फुटतच नव्हते. महाराष्ट्रात बांगड्या भरणारा ‘कासार’ हा मूळचा ‘कांस्यकार’, म्हणजे काशाची भांडी करणारा. एकाच जातीच्या एका हातात धातूची भांडी व दुसऱ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. द्रव्यांची वाटणी याहून स्पष्ट शब्दांत कोणी मांडावी!

विसाव्या शतकात ही वाटणी प्रथम हेतुपूर्वक मोडू पाहिली ती स्वदेशीच्या चळवळीने. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकी एक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपान व अमेरिका येथे शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे चालक होते. लोकमान्य टिळकांचा या उद्योगास पाठिंबा होता. कारखान्याबरोबरच ती शाळा होती, हे तिचे वैशिष्ट्य. याचे कारण काचेच्या इतिहासात सापडते. आंतोनिओ नेरी याचा १६१२ सालचा फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध ग्रंथ काचेच्या पाकक्रिया सांगतो, पण फुंकणी शिकवीत नाही. ती कागदावर उतरतच नाही. म्हणूनच १२९१ साली भट्ट्या मुरानो बेटावर हलवणाऱ्या व्हेनिसने पुढे पुस्तकांवर नव्हे, तर कारागिरांच्या परदेशगमनावर बंधने घातली. सूत्र परदेशातून आणता येते. मनगट येथेच घडवावे लागते. तळेगावात घडलेली मनगटे पुढे देशातील इतर कारखान्यांत गेली.

तथापि या पिढीने प्रामुख्याने काय फुंकले? दिव्याच्या काचा व बाटल्या. १९१४ च्या महायुद्धाने ऑस्ट्रिया व जर्मनीचा माल बंद पाडला तेव्हा बाजारास हवे होते तेही हेच. १९१६ साली कऱ्हाडजवळ निघालेला ओगले बंधूंचा कारखाना ‘प्रभाकर’ कंदिलाने घरोघर पोहोचला. कंदिलावरच्या काचेस मराठीने ‘चिमणी’ हे नाव इंग्रजीवरून घेतले व ते पाखराच्या नावाशी इतके एकरूप झाले की परकेपणा उरला नाही. दिवा हा काचेचा मराठी घरातला पहिला रोजचा संसार. फुटली तरी दुसरी आणावीच लागे, कारण तिचे काम धातू करू शकत नव्हता. पेल्याचे काम धातू करीत होता.

‘ग्लास’ हा शब्द नेमका या वेळी घरात शिरला, तो चहाच्या दुकानातून. तेथे मोडीच्या भावाचा प्रश्न नव्हता आणि ‘कोणाच्या हातचे’ हा प्रश्नही हळूहळू मागे पडत होता. मराठीने या शब्दास पुल्लिंग दिले. ‘काच’ स्त्रीलिंगी असता ‘तो ग्लास’ का? कारण उसना शब्द ज्याच्या जागी बसतो त्याचे लिंग घेतो, आणि तो ‘पेल्या’च्या जागी बसला, काचेच्या नव्हे. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच मराठी कानास तो द्रव्याचा शब्द वाटला नव्हता. पोलादाची स्वस्त भांडी आली तेव्हा नाव पुढे सरकण्यास कोणताच अडसर नव्हता.

फिरोझाबादेत भट्ट्या आजही पेटतात. ताजमहालाच्या रक्षणार्थ सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये दिलेल्या निकालानंतर तेथील इंधन कोळशावरून नैसर्गिक वायूवर आले. बांगड्यांबरोबर पेलेही तेथे होतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने हातकाचेच्या कलेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. अर्ज करणारे देश सहा होते, चेकिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेन.