बंदूक, परवाना आणि कुलूप: ‘हक्क’ हा शब्द वापरण्याआधी

शेंद्रा म्हटलं की आज जालना रोडवरची एमआयडीसी आठवते, ऑरिक आठवतं, फार तर मांगीरबाबाची जत्रा. महसुली कागदावर मात्र या गावाचं नाव शेंद्रा कमंगर असं आहे. फारसीत ‘कमानगर’ म्हणजे धनुष्य बनवणारा. नव्या संशोधकाला इथे लगेच मोह होतो: गावात हत्यारं घडत होती, असं लिहून मोकळं व्हायचं. तसं करू नका. नाव हा धागा असतो, पुरावा नसतो.

पण या धाग्यावरून एक चांगला प्रश्न तयार होतो. शेंद्र्यातल्या एखाद्या शेतकऱ्याकडे बंदूक असेल, तर ती कोणत्या अधिकाराने? पेटची किंवा सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्यांसाठी हा प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडवून बघू.

पहिला टप्पा प्रदेशाचा. शस्त्रबंदीचा विषय निघाला की बहुतेक जण लॉर्ड लिटनच्या 1878 च्या कायद्यापासून सुरुवात करतात. या कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली, म्हणून तो राष्ट्रीय चळवळीच्या डोळ्यात खुपत राहिला. सगळं खरं. पण शेंद्रा तेव्हा ब्रिटिश मुलखात होतं कुठे? ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. गोदावरीपलीकडचा नेवासा इंग्रजांचा, अलीकडचा मुलूख निजामाचा. म्हणजे नदीच्या दोन काठांवरच्या बंदुकींचा इतिहास दोन वेगळ्या दप्तरांत शोधावा लागतो, आणि अलीकडच्या दप्तरासाठी उर्दू वाचता यावं लागतं. गाईडने विचारण्याआधी हे स्वतःला विचारा.

दुसरा टप्पा काळाचा. 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद भारतात आलं. त्याआधी मराठवाड्याने रझाकारांच्या हातातली हत्यारं पाहिली होती, आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांतून प्रतिकारासाठी आलेली हत्यारंही पाहिली होती. बंदूक कोणाच्या हातात आहे यावर गावाची झोप अवलंबून असणं म्हणजे काय, हे इथल्या लोकांना कायद्याच्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. या कारवाईनंतर तीन महिन्यांच्या आत, डिसेंबर 1948 मध्ये, संविधान सभेत मूलभूत हक्कांवर चर्चा चालू होती. ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात घालावा अशी दुरुस्ती मांडली. मागणी आकाशातून पडलेली नव्हती. 1928 च्या नेहरू अहवालात आणि 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद होता. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारांनाही मिळेल, हा त्यांच्या युक्तिवादातला एक मुद्दा. दुरुस्ती फेटाळली गेली. परक्या सरकारकडे मागितलेला हक्क स्वतःचं सरकार आल्यावर का सोडला गेला, हा खरा पीएच.डी.चा प्रश्न आहे. अंतिम संविधानात कलम 19 मध्ये शस्त्रांचा उल्लेख आला, तोही शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्यात!

मग हक्क काहीच नाही का? इथे अनेकांची गडबड होते. मूलभूत हक्क नाही, पण कायद्याने दिलेले हक्क आहेत. 1959 चा शस्त्र अधिनियम 1962 पासून लागू झाला. त्यातलं कलम 13 नीट वाचा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, कलम 14 ची अडचण नसेल तर, परवाना ‘द्यावा’ अशी भाषा आहे. बाकीच्या हत्यारांसाठी मात्र सबळ कारण पटवावं लागतं. नुसती मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम 18 खाली अपील करता येतं. परवाना म्हणजे शिकारीची मुभा मात्र नव्हे. रानडुकरासाठी 1972 चा वन्यजीव कायदा वेगळा आहे.

शेवटचा टप्पा घराच्या आतला, आणि संशोधकांनी सगळ्यात दुर्लक्षिलेला. 2016 च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराकडून हत्यार सुरक्षित वापरण्याची आणि सुरक्षित ठेवण्याची हमी मागितली. हत्यार हरवलं किंवा चोरीला गेलं तर ताबडतोब पोलीस ठाण्याला कळवणं ही परवान्याची अट आहे, आणि अट मोडणं हा कलम 30 खाली गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि लग्नावरातीत बेदरकारपणे बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणं हाही वेगळा गुन्हा ठरवला.

आता एक साधी परिस्थिती घ्या. आजोबा वारले, त्यांची बारा बोअर कपाटात तशीच राहिली. नातवाच्या लेखी ती आठवण आहे. कायद्याच्या लेखी परवाना माणसाचा होता, घराचा नव्हता. कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला पुढे स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, पण तोवर कपाटाला कितीही भक्कम कुलूप असलं तरी ताबा बेकायदा. याच घरात लहान मूल असेल, तर कुलूप नसण्याची किंमत कोर्टात मोजून भागत नाही.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये ‘भारतातील शस्त्र बाळगण्याचा हक्क’ असं शीर्षक देणार असाल, तर त्याखाली चार गोष्टी आधी लिहा: कोणता प्रदेश, कोणतं वर्ष, कोणतं हत्यार आणि कोणत्या कायद्याचं कोणतं कलम. चारपैकी एक जरी रिकामी राहिली, तर ‘हक्क’ शब्द खोडा आणि पुन्हा दप्तर उघडा.