भिंतीतल्या एका भोकाचा इतिहास

आमच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांसाठी एक फळी लावायची होती. एवढंच. पानिपत व्हावं असं त्यात काही नव्हतं. पण मिस्त्री सलग अकरा दिवस "उद्या सकाळी येतो, साहेब" म्हणत राहिला आणि बाराव्या दिवशी हिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, एवढी एक फळी तुम्ही... जाऊ दे. तुम्हाला नाही जमायचं."

मी बँकेतला कारकून. अंगमेहनत म्हणाल तर नोटांच्या थप्पीला रबर लावणं, एवढीच. पण कारकून झाला तरी पुरुष आहे. 'नाही जमायचं' हे मी साहेबांकडून रोज ऐकतो. 'जाऊ दे'मधली दया मात्र सोसवली नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "फळी मी स्वतः लावणार!"

आता कॉमर्सच्या पदवीधराला एक खोड असते. नव्या पानावर आकडा लिहिण्यापूर्वी तो मागची शिल्लक पाहतो. तेव्हा भिंतीला भोक पाडण्याआधी मी भोकाचा इतिहास वाचायला घेतला. त्यात दोन रविवार गेले. हिचं म्हणणं, मी काम टाळत होतो. इतिहासाच्या अभ्यासकांना घरात असं ऐकून घ्यावंच लागतं.

तर, पूर्वी पक्क्या भिंतीत स्क्रू बसवायचा म्हणजे छिन्नीने खड्डा खणायचा, त्यात लाकडाचा ठोकळा ठोकायचा, भोवती चुना-सिमेंट लिंपायचं आणि मग त्या लाकडात स्क्रू पिळायचा. वीतभर फळीसाठी भिंतीला देवीचे व्रण. पुढे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायचं काम निघालं आणि अट अशी पडली की भिंतींची नासधूस होता कामा नये. कंत्राटदार होता जॉन जोसेफ रॉलिंग्ज. त्याने तागाच्या दोऱ्याला सरस किंवा जनावराचं रक्त लावून त्याची एक ताठ, बारीक नळी केली. लहानसं भोक, भोकात नळी, नळीत स्क्रू. स्क्रू आत शिरला की नळी फुगते आणि भिंतीला आतून घट्ट धरते. १९११ साली त्याने याचं पेटंट घेतलं. आपले वायरमन 'रावल प्लग' म्हणतात ते याच्याच कृपेने. हा रावल कोणी गुजराथी शेठजी असावा अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. त्या काळी जगातला बहुतेक ताग बंगालात पिके. म्युझियमच्या आतल्या वस्तू कुठून कुठून आल्या ते सर्वांना ठाऊक आहे. भिंतीतली भोकंसुद्धा आमच्याच तागाने बुजवली असावीत, असा मला दाट संशय आहे.

भोक पाडण्याच्या यंत्राचा इतिहास मला अधिक जवळचा वाटला, कारण त्यात तारण आहे. १९१० साली अमेरिकेत बाल्टिमोरला ब्लॅक आणि डेकर या दोन तरुणांनी कारखाना काढला. ब्लॅकने आपली मोटार विकून ६०० डॉलर घातले आणि डेकरने घर गहाण टाकून ६००. ही केस आमच्या शाखेत आली असती तर आम्ही तीन जामीनदार मागितले असते आणि जगाच्या भिंती आजही धडधाकट राहिल्या असत्या! पण १९१७ साली त्यांना पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात असं लक्षात आलं म्हणे, की कारखान्यांतले कामगार ही ड्रिलं घरी नेतात आणि घरचीही भोकं पाडून घेतात. दुसरा मालक असता तर त्याने चौकशी लावली असती. यांनी १९४६ साली घरगुती ड्रिलच बाजारात आणलं.

युद्ध संपलं तेव्हा तिकडे नवी घरं भराभर उठत होती, कारागिराची मजुरी वाढली होती आणि साहेबलोकांना शनिवार-रविवार सुट्टी होती. मोकळा हात आणि महाग सुतार एकत्र आले की क्रांती होते. १९५४ साली 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठच या घरबसल्या कारागिरीला वाहिलं. विलायतेत बीबीसीवर बॅरी बकनेल नावाचे गृहस्थ अवतरले. १९६२ साली त्यांनी ईलिंगमधलं एक मोडकळीला आलेलं घर घेऊन कॅमेऱ्यासमोर दुरुस्त करून दाखवलं. त्यांची फजितीसुद्धा लोक थेट पाहत, आणि ती आपल्यासारखीच आहे म्हणून त्यांच्यावर लोभ करत. बकनेलसाहेबांनी जुनी कोरीव दारं हार्डबोर्ड ठोकून गुळगुळीत करायला शिकवलं; पुढच्या पिढ्या तो हार्डबोर्ड उपटत बसल्या. मधल्या काळात, १९५८ साली, जर्मनीच्या आर्टुर फिशरने तागाची नळी रद्द करून नायलॉनची गिट्टी काढली. या माणसाच्या नावावर अकराशेहून जास्त पेटंटं आहेत. माझ्या नावावर एक बचत खातं आहे.

आपल्याकडे हे वारं उशिरा आलं याचं कारण शोधायला मी त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ सालचा 'गावगाडा' उघडला. सुताराने गावाचे नांगर-औतं सांभाळायची आणि खळ्यावर आपला वाटा न्यायचा, असा जुना बलुत्याचा व्यवहार. ज्याचं काम त्याचं. त्यात बरं-वाईट पुष्कळ होतं, पण आमच्यासारख्या पांढरपेशांनी त्यातून एवढंच उचललं, की हातोडी धरणं हे आपलं काम नव्हे. पुढे पुढे ते न येणं आम्ही अभिमानाने सांगू लागलो. पुरुषांनी घराच्या भिंतीला स्वतः हात लावणं ही पश्चिमेकडून आलेली अगदी नवी गोष्ट आहे, असा निष्कर्ष काढून मी वही मिटली.

तिसऱ्या रविवारी शेजाऱ्यांचं ड्रिल आणलं. बनियन, कमरेला टॉवेल, कानावर पेन्सिल. घोडा दाबला मात्र, भिंत आणि मी दोघेही थरथरू लागलो. चार भोकांपैकी तीन बरी पडली. चौथं पडताना बिट विटांच्या सांध्यात घसरलं आणि सहाच्या गिट्टीला दहाचं भोक झालं. फिशरची गिट्टी आत गेली आणि कर्जदार सहीपुरता येऊन जातो तशी परत आली. दुसरी घातली, तीही आली. ही दारात उभी होती. काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

तेवढ्यात आई आली. तिचं वय पंचाहत्तरीपुढे. भोकात बोट घालून पाहिलं, जरा बाजूला टकटक केलं आणि म्हणाली, "आत भुगा आहे रे. आधी फुंकर मार." मग देव्हाऱ्याजवळच्या डब्यातून सुतळीचा तुकडा काढला, फेव्हिकॉलमध्ये बुडवला, उदबत्तीच्या काडीने भोकात दाबून दाबून भरला आणि म्हणाली, "आता उद्यापर्यंत हात लावू नकोस. तुला वाळेपर्यंत दम कधी धरवत नाही."

मी बघतच राहिलो. ताग आणि सरस! १९११!

"आई, हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? चूल घालताना मातीत भुसा घालतोच की. नुसती माती वाळली की तडकते. काहीतरी धरून ठेवणारं लागतं."

वाईजवळच्या आमच्या मातीच्या घरात ती लग्न होऊन आली, तेव्हापासूनचं मला आठवू लागलं. म्हणजे ऐकलेलं आणि लहानपणी पाहिलेलं. दर आठ-पंधरा दिवसांनी जमीन सारवायची, दिवाळीआधी भिंतींना पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, पावसाने खचलेला कोपरा लिंपायचा, वैलाची चूल स्वतः घालायची. माझ्या जन्माच्या आदल्या आठवड्यापर्यंत ती सारवत होती, असं आत्या सांगे. मी दोन रविवार इतिहास चाळला होता. त्यात इंग्रज होते, जर्मन होते, गहाण पडलेलं घर होतं. ज्या घरात मी रांगलो त्याची जमीन कुणाच्या हातची, ही नोंद मात्र मी कुठल्याच पानावर केली नव्हती. ताळेबंद जुळल्यासारखा दिसत होता, पण सगळ्यात मोठं खातं लिहायचंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्क्रू पिळला. घट्ट बसला. फळी लागली, डबे चढले. फळी किंचित हळदीच्या बाजूला कलते, पण तो माझा भाग. चौथं भोक आजवर हललेलं नाही.

रात्री जेवताना मी आईला रॉलिंग्जची सगळी हकीकत सांगितली. ब्रिटिश म्युझियम, पेटंट, साल, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, ताकाचा भुरका मारला आणि म्हणाली,

"त्यालाही त्याच्या आईनेच सांगितलं असेल."