कावेरीचा बांध व तंजावरचें राज्य

तंजावरच्या भोसल्यांचा इतिहास लिहितांना गाद्या, वारसे व वेढे यांचाच विचार विशेष होतो. ज्या पाण्यावर तें राज्य जगलें त्या कावेरीचा उल्लेख येतो तो बहुधा तीर्थ म्हणून. आमच्या मतें हें उलट असावयास हवें.

कोडगूंतील तलकावेरी येथें उगम पावून, शिवसमुद्रम् व होगेनकल येथील धबधब्यांवरून उतरत, सुमारें ८०० किलोमीटर चालून ही नदी पूर्वसमुद्रास मिळते. तिरुचिरापल्लीच्या वर मुक्कोंबू येथें तिचे दोन फांटे होतात. उत्तरेकडील कोळ्ळिडम्, दक्षिणेकडील कावेरी. मधल्या बेटावर श्रीरंगम् वसलें आहे. बेटाच्या खालच्या टोंकाशीं फांटे पुनः जवळ येतात, आणि तंजावरचें भवितव्य तेथेंच ठरतें. कोळ्ळिडमचें पात्र सखल. मोकळें सोडलें तर पाणी तिकडेच धांवतें व तंजावरचीं भातखाचरें कोरडीं पडतात. तें अडविणारा कल्लणै बांध करिकाल चोळाचा, असें ऐतिह्य आहे.

अठराव्या शतकांत मेख अशी होती कीं, बांधाची जागा तिरुचिरापल्लीच्या म्हणजे नबाब महंमदअल्लीच्या मुलुखांत आणि डागडुजी परंपरेनें तंजावरकरांकडे. तुळजाराजाच्या कारकीर्दींत (१७६३–१७८७) नबाबानें ह्यास हरकत घेतली व वाद मद्रासच्या कुंपणी सरकारापुढें गेला. १७७३ त तंजावर नबाबाच्या घशांत गेलें, १७७६ त परत मिळालें. ह्या प्रकरणांत खंडणीची चर्चा सर्व ग्रंथांत आढळते. पाण्याची फारच थोडी.

१७९९ त दुसऱ्या सरफोजीनें राज्यकारभार कुंपणीच्या हवालीं केला. पुढें १८०३ त त्यानें बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेवंशाची हकीकत मराठींत कोरविली. पाण्याची व्यवस्था तोंवर परक्या हातीं गेली होती. मुक्कोंबूचा वरचा बांध १८३६ त आर्थर कॉटननें घातला. आज तेथें व कल्लणैवर लोक सहकुटुंब सहलीस जातात, आणि आडी महिन्याच्या अठराव्या दिवशीं स्त्रिया काठाकाठानें चढत्या पाण्याची पूजा करितात. हा सण म्हणजे जुन्या शेतसाऱ्याचें मूळच होय, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

सरस्वती महालांतील मोडी रुमाल चाळणाऱ्या अभ्यासकांस व खाजगी संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, १७९९ पूर्वीच्या कागदांत बांध, कालवे, बिगारी, माती वा बांबू यांच्या खर्चाचीं कलमें दिसल्यास तीं क्षुल्लक म्हणून बाजूस सारूं नयेत. नक्कल करून मंडळाकडे धाडावीं.