हृदयपेशीतील कॅल्शियम : तारक आणि मारकही

नवी मुंबई : जन्मतः हृदयदोष असलेल्या बालकांवर खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात विनामूल्य शस्त्रक्रिया केल्या जातात. ओपन हार्ट शस्त्रक्रियेत सामान्यतः पोटॅशियमयुक्त द्रावण देऊन हृदय काही काळ थांबवले जाते आणि रक्ताभिसरणाचे काम यंत्राकडे सोपवले जाते. दोष दूर झाला, की हृदयाला पुन्हा रक्त मिळू लागते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अँजिओप्लास्टीने बंद वाहिनी उघडली जाते, तेव्हाही रक्त असेच परतते. प्राण वाचविणारा हा क्षण हृदयपेशींच्या दृष्टीने मात्र धोक्याचाही असतो. या धोक्याचा मोठा भाग पेशीतील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, कॅल्शियम कसे आत घेतात यावर अवलंबून आहे.

ठोक्याचे गणित

हृदय दिवसाला सुमारे १ लाख ठोके देते. त्यासाठी लागणारे एटीपी हे इंधन प्रामुख्याने तंतुकणिकांत तयार होते. हृदयस्नायूच्या पेशीचा जवळजवळ एकतृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो. प्रत्येक ठोक्याला पेशीतील जालिकारूपी कोठारातून कॅल्शियमचे आयन बाहेर पडतात आणि स्नायू आकुंचन पावतो. तंतुकणिका या कोठाराला अगदी खेटून असल्याने सुटलेल्या कॅल्शियमचा काही अंश त्यांच्यापर्यंत पोहोचतो.

तंतुकणिकेच्या आतील पटलावर सुमारे १८० मिलिव्होल्टचा विद्युत्‌दाब असून आतली बाजू ऋणभारित असते. त्यामुळे धनभारित कॅल्शियम आत खेचले जाते. आत गेलेले कॅल्शियम इंधननिर्मितीतील तीन महत्त्वाच्या विकरांना चालना देते. जिना चढताना वा घाबरल्यावर हृदयाची गती वाढते, तेव्हा इंधनाचा पुरवठाही वाढावा, अशी ही योजना आहे.

दाराचा शोध

तंतुकणिका कॅल्शियम शोषतात, हे १९६० च्या दशकाच्या आरंभीच प्रयोगांतून दिसून आले होते. परंतु ते नेमके कोणत्या प्रथिनातून आत जाते, हे कळण्यास अर्धशतक लागले. २०११ मध्ये अमेरिकेतील वंशी मूथा आणि इटलीतील रोझारियो रिझुटो यांच्या गटांनी स्वतंत्रपणे हे प्रथिन ओळखले. त्याला ‘एमसीयू’ म्हणतात. मूळचे भारतीय असलेल्या मूथा यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याच गटाने २०१० मध्ये शोधलेले ‘एमआयसीयू-१’ हे प्रथिन या दारावर पहारेकऱ्याचे काम करते. बाहेर कॅल्शियम कमी असेल तर ते दार बंद ठेवते. प्रमाण वाढले की उघडू देते.

हे दार नसेल तर काय होते? २०१५ मध्ये प्रौढ उंदरांच्या हृदयातून एमसीयू काढून टाकण्यात आले. विश्रांतीच्या वेळी त्यांचे हृदय व्यवस्थित चालले. अचानक ताण येताच मात्र ते आवश्यक तेवढा वेग घेऊ शकले नाही. उलट, रक्तपुरवठा तोडून पुन्हा सुरू केला असता त्यांच्या हृदयाची हानी कमी झाली. बाहेर जाण्याचा मार्गही तितकाच मोलाचा आहे. सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारे ‘एनसीएलएक्स’ हे प्रथिन २०१७ मध्ये उंदरांच्या हृदयातून काढले, तेव्हा बहुतेक उंदीर अल्पावधीत दगावले.

रक्त परतते तेव्हा

रक्तपुरवठा तुटला की पेशी आम्लधर्मी होते, तिच्यात आधी सोडियम आणि मग कॅल्शियम साचते. रक्त परतताच तंतुकणिकांचा विद्युत्‌दाब पूर्ववत होतो आणि हे साचलेले कॅल्शियम एकदम आत ओढले जाते. त्याच वेळी प्राणवायूपासून घातक रेणूही निर्माण होतात. परिणामी तंतुकणिकेच्या पटलात मोठे छिद्र उघडते, इंधननिर्मिती थांबते आणि पेशी मरते.

हे छिद्र उघडू नये म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध वापरून पाहण्यात आले. २००८ मध्ये ५८ रुग्णांवरील चाचणीने आशा निर्माण केली. मात्र ९७० रुग्णांवरील मोठ्या चाचणीत, २०१५ मध्ये, त्याचा लाभ दिसला नाही. दार कायमचे बंद केले तर हृदयाची धाव खुंटते आणि सताड उघडे राहिले तर पेशी दगावते. त्यामुळे रक्त परततानाच्या मोजक्या मिनिटांपुरते ते आवरण्याचा उपाय हाती येणे अगत्याचे आहे. तोवर अडलेला रक्तप्रवाह लवकरात लवकर सुरू करणे हाच हृदय वाचविण्याचा खात्रीचा मार्ग आहे. म्हणूनच छातीत दुखू लागल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठणे महत्त्वाचे ठरते.