दावीदाची स्तोत्रे आणि आपली दिवेलागण

स्तोत्रपठण म्हटले की आपल्याला रामरक्षा आठवते. पण आपण जेथे येऊन स्थायिक झालो, त्या न्यूझीलंडमध्येही पठणाची मोठी परंपरा आहे.

बायबलातील १५० स्तोत्रांना मराठी ख्रिस्ती मंडळी 'स्तोत्रसंहिता' म्हणतात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांना ती सारी दर आठवड्याला म्हणण्याचा नियम घालून दिला. पुढे इंग्लंडच्या चर्चने ती सकाळ-संध्याकाळ वाटून महिन्याचे पारायण ठरविले. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही प्रार्थना माओरी भाषेत आणली. तेथल्या प्रार्थनापुस्तकाला लोकांनी नावच दिले 'ते राविरी', म्हणजे दावीद!

१८६६ मध्ये ते कूटी यांना खटल्याविना चॅटहॅम बेटांवर हद्दपार केले गेले. तेथे बायबलच्या आधारे त्यांनी 'रिंगातू' पंथाचा पाया घातला आणि १८६८ मध्ये सुमारे ३०० जणांसह ते निसटले. या पंथात स्तोत्रे पुस्तक न उघडता, मुखोद्गत म्हणतात. मुलूख सुटला तरी पाठांतर सुटले नाही.

१९५४ मध्ये आयर्लंडहून आलेल्या साधूंनी हॉक्स बे भागात कोपुआ येथे मठ स्थापून बेनेडिक्टची दिनचर्या रुजविली.

मी संगणकावर काम करणारा. माहिती साठविण्याची साधने किती लवकर कालबाह्य होतात, हे रोज पाहतो. म्हणून वाटते, श्रद्धा कोणतीही असो, दिवेलागणीला पाच मिनिटे मुलांसोबत मराठीत काहीतरी मोठ्याने म्हणावे. अर्थ मुले नंतर विचारतीलच. आधी शब्द त्यांच्या तोंडी बसायला हवेत.